थंडीचे दिवस आणि माथेरानचा डोंगर

मार्गशीर्ष लागला, पहाटे पांघरुणांतून बाहेर येणें जिवावर येऊं लागलें, आणि नाताळची सुट्टी जवळ आली, म्हणजे शहरांतील घरोघरीं एकच विषय निघतो : यंदा जावयाचें कोठें? कोणी महाबळेश्वर म्हणतो, कोणी कोंकणांतला समुद्रकिनारा सुचवितो, एखाद्या आजोबांना शेतावरच्या हुरड्याची आठवण येते. आणि मुंबईच्या बाजूला राहणाऱ्या कुटुंबांत, बहुधा खर्चाचा हिशेब मांडून झाल्यावर, माथेरानचें नांव पुढें येतें. हा प्रश्न आतां इतका अंगवळणीं पडला आहे कीं, तो परंपरेनेंच चालत आला असावा, असें आपणांस वाटतें. वास्तविक तो फारसा जुना नाहीं. आपल्या खापरपणज्यांच्या घरीं असा प्रश्न निघतच नसे.

प्रवास त्याही करीत. आपल्याहून अधिक हालअपेष्टा सोसून करीत. आषाढीला आणि कार्तिकीला पंढरपूर, सिंहस्थ आला कीं नाशिक, चैत्रांत जोतिबाचा डोंगर, वैशाखांत लग्नकार्यें आणि मुलांचें आजोळ, अशीं प्रत्येक ऋतूचीं ठिकाणें जणूं नेमलेलींच होतीं. परंतु जावयाला कांहीं कारण लागे. देव असो, व्याही असो, बाळंतीण लेक असो. त्याशिवाय घराला कुलूप लागत नसे. थंडीत हुरडा खावयास जात, तेही आपल्या किंवा आप्तांच्या शेतावर. कांहीं एक काम नसतां, केवळ हवा पालटावी आणि चार दिवस झाडांखालीं हिंडावें, एवढ्यासाठीं सारें कुटुंब गाडींत बसून निघावें, ही कल्पना ज्या काळीं आपल्या घरांत शिरली, त्या काळाचा थोडासा इतिहास माथेरानच्या निमित्तानें आज सांगावयाचा आहे.

ऋतु पाहून मुक्काम हलविण्याची ही रीत मुंबई इलाख्याच्या राज्यकर्त्यांनीं पाडली. सर जॉन माल्कम यांनीं १८२८ च्या सुमारास महाबळेश्वराची हवा पसंत केली, साताऱ्याचे छत्रपति प्रतापसिंह महाराज यांच्याशीं करार करून ती जागा घेतली, आणि तेथें माल्कमपेठ वसली. पुढें उन्हाळ्यांत महाबळेश्वर, पावसाळ्यांत पुणें आणि थंडीत मुंबई असा गव्हर्नरसाहेबांचा वार्षिक क्रमच ठरून गेला. महाबळेश्वरच्या त्या पहिल्या दिवसांत तेथें आग्नेय आशियांतून आणलेले चिनी कैदी ठेवलेले असत. डोंगरावर बटाट्याची आणि भाजीपाल्याची लागवड वाढविली ती त्यांनीं, आणि हा तुरुंग १८६४ पर्यंत चालू होता. थंड हवेच्या ठिकाणांच्या वर्णनांत साहेबांचे बंगले नेहमीं आढळतात. हे कैदी क्वचितच आढळतात.

माथेरानची गोष्ट याहून थोडी निराळी आहे, कारण तेथें कोणा राजाशीं करारमदार करावे लागले नाहींत. ठाणें जिल्ह्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांचा तळ १८५० च्या मे महिन्यांत डोंगराच्या पायथ्याशीं चौक गांवीं पडला होता. वैशाखांतील उकाड्यानें जीव हैराण झालेला, आणि समोर तर हिरव्यागार झाडीनें भरलेला माथा. चौकच्या पाटलाला बरोबर घेऊन साहेब वर चढले. वर दाट सावली आणि वारा पाहून ते इतके संतुष्ट झाले कीं, पावसाळा संपतांच नोव्हेंबरांत पुन्हां आले आणि या वेळीं मुक्काम ठोकून राहिले. दुसऱ्या वर्षीं त्यांनीं तेथें घर बांधलें. ‘मॅलेटसाहेबानें माथेरानचा शोध लावला’ हें वाक्य तेव्हांपासून प्रत्येक पुस्तकांत छापलें जात आहे. ज्याला वाट दाखवावयास गांवचा पाटील होता, आणि ज्या डोंगरावर धनगर, ठाकूर व कातकरी पिढ्यान् पिढ्या गुरें चारीत व लांकडें तोडीत होते, त्याचा ‘शोध’ लागला म्हणजे नेमकें काय झालें, याचा विचार मात्र तीं पुस्तकें करीत नाहींत. माथ्यावरचें रान म्हणून माथेरान, ही व्युत्पत्ति खरी मानली, तर तें नांवही पायथ्याकडून वर पाहणाऱ्या माणसानेंच ठेविलें असलें पाहिजे.

तरीही मॅलेटसाहेबांना एका गोष्टीचें श्रेय दिलें पाहिजे. त्यांनीं डोंगर उन्हाळ्यांत पाहिला, पण राहून पारखला तो थंडीच्या तोंडाला. आणि माथेरानचें खरें रूप तेव्हांच दिसतें, असें मला वाटतें. मे महिन्यांत डोंगर सावली देतो खरा, परंतु दऱ्यांवर धुराळ्याचा पडदा असतो. पावसाळ्यांत तर सुमारें दोनशे इंच पाऊस कोसळतो. पूर्वी त्या चार महिन्यांत पाहुण्यांचे बंगले बंद होत, आणि वर राहत ते तेथलेच लोक. दसरा-दिवाळी आटोपली कीं हवा धुतल्यासारखी होते. समोर प्रबळगडाची भिंत, पलीकडे इर्शाळ, उत्तरेस मलंगगड, आणि पूर्वेस भीमाशंकराच्या बाजूची सह्याद्रीची ओळ, हीं सारीं स्वच्छ उन्हांत अगदीं हाताच्या अंतरावर आल्यासारखीं वाटतात. पायांखालची तांबडी माती अजून ओलसर असते. थंडी असते, पण ती बोचणारी नव्हे. मुलांना लोंकरीची बंडी आणि म्हाताऱ्यांना एक शाल पुरे. ज्या कुटुंबांत तान्हें मूल आणि सत्तरीची आजी हीं दोन्हीं आहेत, त्यांच्या सोयीचा असा दुसरा ऋतु नाहीं.

मॅलेटसाहेबांच्या मागून मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन आले. ज्यांच्या नांवानें कॉलेज निघालें ते माउंटस्टुअर्ट हे नव्हेत. हे त्यांचे पुतणे. त्यांनीं रस्ते आंखविले, स्वतःसाठीं जागा निवडली, आणि गव्हर्नर जेथें जाईल तेथें शेटसावकार जाणारच, या न्यायानें पारशी, बोहरी आणि गुजराती धनिकांचे बंगले झाडींतून डोकावूं लागले. परंतु बंगला बांधणारे हजार मिळाले, तरी आगगाडी नसती तर डोंगर गजबजला नसता. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदर ते ठाणें ही पहिली गाडी धांवली. पुढच्याच वर्षीं लोहमार्ग कल्याणला पोहोंचला, आणि १८५६ मध्यें नेरळवरून खोपोलीपर्यंत गेला. मुंबईचा माणूस सकाळीं निघून दोन प्रहरीं डोंगराच्या पायथ्याशीं उतरूं लागला. आपल्या देशांतील पहिल्या आगगाडीनंतर तीनच वर्षांत ही सोय झाली, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ‘सहकुटुंब सहल’ ही वस्तु कोणत्या कारखान्यांत तयार झाली, तें वेगळें सांगावें लागत नाहीं.

तथापि आगगाडी पायथ्यापर्यंतच नेई. नेरळपासून माथ्यापर्यंतची सुमारें सात मैलांची चढण राही, आणि ती धडधाकट माणसांनीं पायीं अथवा तट्टावर, व बायकामुलांनीं पालखींतून चढावी अशी रीत होती. पालखी म्हटली म्हणजे भोई आले, सामान म्हटलें म्हणजे हमाल आले. पन्नास वर्षे हें असेंच चाललें. असें सांगतात कीं, मुंबईचे धनाढ्य बोहरी गृहस्थ सर आदमजी पीरभॉय एकदां नेरळला उतरले, तेव्हां त्यांस ना तट्टू मिळालें ना पालखी, आणि तसेंच परत जावें लागलें. तेव्हां या डोंगरावर आगगाडी नेईनच, असा त्यांनीं निश्चय केला. ही कथा थोडी रंगविलेली असेल. पण त्यांचा पैसा आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांची मेहनत खरी आहे. १९०४ मध्यें काम सुरू झालें, आणि २२ मार्च १९०७ रोजीं दोन फूट रुंदीच्या रुळांवरून गाडी वर चढली. खर्च आला १६ लक्ष रुपये. वीस फुटांत एक फूट अशी चढण, नागमोडी वळणें, आणि वाटेंत एकच बोगदा; तो इतका आंखूड कीं, त्याला ‘वन किस टनेल’ असें खट्याळ नांव पडलें. मुलें त्याचा अर्थ विचारतात, आणि आईबापांस खिडकीबाहेरचें माकड दाखवावें लागतें.

ही गाडी १८६० च्या सुमारास निघाली असती, तर ती साहेबांची झाली असती. १९०७ मध्यें निघाल्यामुळें ती पुढें हळूहळू कारकुनाची, मास्तराची आणि दुकानदाराचीही झाली. बंगला नसलेल्या माणसाला खोली मिळूं लागली. पालखीचा खर्च वांचला, म्हणजे आणखी एक दिवस राहतां येऊं लागलें.

आतां या चित्राची दुसरी बाजू पाहूं. वर्षांतून दहा दिवस येणाऱ्या पाहुण्यांसाठीं जें गांव वसलें, त्यांत बाराही महिने राहणारी माणसें होतीं. त्यांची नगरपालिका १९०५ मध्यें स्थापन झाली. याच गांवांत १ डिसेंबर १९१२ रोजीं एका नाभिक कुटुंबांत विठ्ठल लक्ष्मण कोतवाल जन्मास आले. ते शिकले, वकील झाले, आणि १९४१ मध्यें नगरपालिकेचे उपनगराध्यक्ष झाले. कर्जत-मुरबाडच्या बाजूचे गरीब शेतकरी सावकाराच्या दारीं धान्यासाठीं उभे राहतात, हें पाहून त्यांनीं धान्याच्या पेढ्या काढल्या. १९४२ चें आंदोलन पेटल्यावर त्यांनीं ‘आझाद दस्ता’ उभारला, आणि मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडण्याचा सपाटा लावला. ज्या दऱ्यांकडे पाहुणे दुर्बीण लावून पाहत, त्या दऱ्यांतील वाटा यांच्या पायांखालच्या होत्या. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे, ऐन थंडीत, सिद्धगडावर पोलिसांनीं गांठलें, आणि भाई कोतवाल व हिराजी पाटील गोळीबारांत ठार झाले. भाईंचें वय तीस. माथेरानास जाणाऱ्या मुलांना इंग्रजांनीं ठेवलेलीं पॉइंटांचीं नांवें पाठ असतात. हें एक नांवही त्यांच्या कानीं घातलें, तर सहलीचा कांहीं रंग उतरेल असें मला वाटत नाहीं.

डोंगरावर मोटारीला मज्जाव आहे. २००३ च्या फेब्रुवारींत केंद्र सरकारनें माथेरानचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, तेव्हांपासून तर हा मज्जाव अधिकच पक्का झाला. गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात. पुढें पायीं, घोड्यावर, किंवा अमन लॉजपासून छोट्या गाडीनें; पूर्वीं हातरिक्षेंतही. ही हातरिक्षा एकजण पुढून ओढी, आणि चढणीवर दोघे मागून लोटीत. धूर नाहीं, भोंगा नाहीं, धूळ नाहीं, म्हणून आपण जी शांतता वाखाणतों, तिची किंमत कोणाच्या तरी छातीच्या भात्यांतून दिली जात होती. पालखीचे भोई गेले आणि रिक्षेची माणसें आलीं; मधल्या शंभर वर्षांत चाकें तेवढीं बसलीं. १९०७ ची गाडी २००५ च्या जुलैंतील अतिवृष्टीनें वाहून गेलेल्या रुळांमुळें दोन वर्षें बंद राहिली, १९ सालच्या पावसानंतर पुन्हां बंद पडली, ती नेरळपासून २०२२ च्या ऑक्टोबरांत सुरू झाली. आणि ती जेव्हां जेव्हां बंद पडली, तेव्हां तेव्हां या माणसांवरचा भार वाढला.

२०२२ च्या डिसेंबरांत विजेवर चालणाऱ्या रिक्षा प्रयोगादाखल आल्या. घोडेवाल्यांनीं विरोध केला, आणि त्यांस केवळ आडमुठे म्हणून चालणार नाहीं; त्यांचें पोट त्या घोड्याच्या पाठीवर आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत होतेंच. ६ ऑगस्ट २०२५ रोजीं न्यायालयानें माणसानें माणसाला ओढण्याची ही प्रथा अमानुष ठरविली, ती सहा महिन्यांच्या आंत बंद करण्याचा आदेश दिला, आणि विजेच्या रिक्षा त्याच ओढणाऱ्यांच्या हातीं द्याव्या असें राज्य सरकारला सांगितलें. मॅलेटसाहेब चढून गेल्यापासून १७५ वर्षांनीं हा निकाल आला. त्या आठवड्यांत डोंगरावर श्रावणाचा पाऊस कोसळत होता, नेरळची गाडी नेहमींप्रमाणें पावसाळ्यापुरती बंद होती, आणि शहरांतल्या घरांत नाताळच्या सुट्टीचा विषय निघावयास अजून चार महिने अवकाश होता.