राख, हळद आणि कवळी

वसमत तालुक्यातल्या आमच्या घरी पितळी भांडी आणि आजीची कवळी एकाच राखेने घासली जात. १९८६च्या सुमारास आजीने नांदेडला जाऊन वरची-खालची पूर्ण कवळी बसवून घेतली. तेव्हा वसमत परभणी जिल्ह्यात होते. हिंगोली जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. शेतात हळद, अंगणात हळद, कालवणात हळद. काही दिवसांतच कवळीवर पिवळी झाक आली. आजीने चुलीतली राख घेतली आणि कवळी लख्ख केली. पुढे तो रोजचा नेम झाला. रात्री मात्र ती कवळी काढत नसे. ‘सुनांपुढं बोळकं तोंड घेऊन बसू का?’ असे म्हणे.

दोन-तीन वर्षांत तिखट लागले की तिच्या तोंडाची आग होऊ लागली. ओठांचे कोपरे चिरले. घरच्यांनी ‘उष्णतेनं तोंड आलंय’ म्हणून तूप लावले, गुलकंद दिला. औषधाने बरे वाटे, महिन्याने पुन्हा तेच. जेवण दुधात कुस्करलेल्या भाकरीवर आले. अखेर एका दंतवैद्याने विचारले, ‘आजी, रात्री कवळी कुठे ठेवता?’ आजी म्हणाली, ‘तोंडात. आणखी कुठं ठिवू?’

हा प्रश्न आधी कोणीच का विचारला नाही, याचा मी पुढे शोध घेत राहिलो. आजी गबाळी नव्हती. उलट गल्लीत तिच्याइतकी टापटिपीची बाई नव्हती. मग तिच्याच तोंडात बुरशी कशी? त्याचे उत्तर मला कवळी ज्या पदार्थाची बनते त्याच्या इतिहासात आणि आपल्या स्वच्छतेच्या कल्पनेत सापडले.

अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या एका कवळीत पाणघोड्याचा दात वापरला होता. असे हस्तिदंती दात तोंडात कुजत आणि त्यांना दुर्गंधी येई. सोन्याची कवळी टिकाऊ, पण श्रीमंतांची. चार्ल्स गुडइयर यांनी रबर गंधकासोबत तापवून टिकाऊ केले. त्यांचे बंधू नेल्सन यांनी १८५१ साली कडक रबराचे पेटंट घेतले. त्या रबरामुळे कवळी प्रथमच सामान्यांच्या आवाक्यात आली. तिच्या सूक्ष्म छिद्रांत लाळ आणि अन्नाचे अंश मुरत, ही तिची खोड. १९३७ च्या सुमारास अ‍ॅक्रिलिक आले. हिरडीच्या रंगाचे, हलके, दिसायला गुळगुळीत. आजीची कवळी याच पदार्थाची. पण अ‍ॅक्रिलिकही थोडे पाणी शोषते, त्यातही सूक्ष्म छिद्रे असतात. आणि मुख्य म्हणजे ते दाताच्या कवचापेक्षा पुष्कळ मऊ असते. राखेने त्यावर चरे पडतात. डाग जातो, चरे राहतात, आणि बुरशीला घर मिळते.

ही बुरशी कवळीपेक्षा फार जुनी. १८३९ साली जर्मनीतल्या लांगेनबेक यांनी एका रुग्णाच्या तोंडात ती पाहिली. १९२३ साली तिच्या कुळाला ‘कँडिडा’ हे नाव मिळाले, लॅटिनमधल्या ‘पांढरा’ या अर्थाच्या शब्दावरून. लहान मुलांच्या जिभेवर ती पांढऱ्या सायीसारखी दिसते. कवळीखाली मात्र बहुधा पांढरे काही दिसत नाही. टाळू कवळीच्या आकारात लालभडक होतो. पुष्कळांना दुखतही नाही, म्हणून कोणी तोंड उघडून दाखवत नाही. निरोगी माणसाच्या तोंडातही ही बुरशी थोडीफार असते. कवळी चोवीस तास टाळूला चिकटून राहिली की तिथे लाळ खेळत नाही आणि बुरशीचे फावते. मधुमेह असेल, तोंड कोरडे पडत असेल तर अधिकच. १९३६ साली कान नावाच्या अमेरिकी संशोधकाने कवळीखालच्या या दाहाचा संबंध कँडिडाशी जोडला.

औषध १९५० साली मिळाले. एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोघी न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात काम करत. एक न्यूयॉर्क शहरात, दुसरी ऑल्बनीत. मातीचे जिवाणू आणि त्यांचे अर्क टपालाने ये-जा करत. व्हर्जिनियातल्या एका शेतातल्या मातीतून त्यांना बुरशीनाशक सापडले. राज्याच्या नावावरून त्याला ‘निस्टॅटिन’ म्हटले गेले. पण औषध टाळूवरची बुरशी मारते. चऱ्यांत दडलेली कवळीबरोबर पुन्हा तोंडात येते. आजीचे दुखणे महिन्या-महिन्याने का उलटत होते, ते मला इथे कळले.

आता आपल्याकडे वळू. आपली स्वच्छता घासण्याची. कडुनिंबाची, बाभळीची काडी, राखुंडी, मीठ, बायकांची मिश्री. भांड्यांना राख, माती, चिंच. जे घासते ते उजळते, हा पिढ्यांचा अनुभव. दात आणि पितळ तो बराच काळ सोसतात, अ‍ॅक्रिलिक सोसत नाही. कवळीला हवे असते ते हळुवार घासणे आणि भिजणे. मऊ ब्रश, साधा साबण, खाली पाण्याने भरलेले पातेले, म्हणजे निसटली तरी फुटत नाही. दंतमंजन नको, टूथपेस्टही नको. उकळते पाणी तर नकोच, कवळी वाकडी होते. शिवाय तिच्यासाठी मिळणाऱ्या गोळीच्या पाण्यात ती रोज भिजवावी आणि धुऊनच तोंडात घालावी. जंतुनाशक म्हणून ब्लीच वापरायचेच, तर पातळ करून, दहा मिनिटांपेक्षा जास्त नाही, आणि धातू असलेल्या कवळीला कधीच नाही. हिरड्या, टाळू, जीभ यांनाही मऊ ब्रश फिरवावा. रात्री कवळी पाण्यात, तोंड मोकळे. जपानमध्ये ८५ वर्षांवरील ५२४ वृद्धांच्या पाहणीत, कवळी लावून झोपणाऱ्यांत न्यूमोनियाचा धोका सुमारे दुप्पट आढळला. ती २०१५ साली प्रसिद्ध झाली. म्हणजे प्रश्न केवळ तोंडाचा नाही.

२०१७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरीब वृद्धांना द्यायच्या साधनांत काठी, चष्मा, श्रवणयंत्र यांबरोबर कवळीही आहे. २०२४ साली हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याच वर्षी वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. हळद इथून जाणार नाही, जाऊही नये. पण कवळी देताना झाकणाची डबी द्यावी आणि रात्री ती काढून ठेवायला सांगावे, एवढे कोणत्याही गावात जमण्यासारखे आहे.

आजीची चरे पडलेली कवळी बदलावी लागली. नवी आल्यावर रात्री देवळीत पाण्याने भरलेली स्टीलची वाटी दिसू लागली, वर ताटली झाकलेली. सुनांना पहिल्याच दिवशी कळले. कोणी काही बोलले नाही. त्या दिवाळीत आजीने कितीतरी दिवसांनी चकली मागून घेतली.