तळटीप ७ : ‘गृहीतक’

७. लेखकाने इथे ‘गृहीतक’ हा शब्द वापरला आहे. ‘गृहीत’ आणि ‘गृहीतक’ यांत वाचकांनी गल्लत करू नये. गृहीत आपण मानून चालतो, गृहीतक पणाला लावतो. ‘ग्रहांचा माणसावर परिणाम होतो’ हे वाक्य पणाला लावता येत नाही, कारण काय घडले म्हणजे ते खोटे ठरेल हे त्यात कुठेच नाही. २००८ साली पुण्यात जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर, प्रकाश घाटपांडे आणि सुधाकर कुंटे यांनी ते तपासण्याजोगे केले: जन्मकुंडलीवरून हुशार मूल आणि बौद्धिक अक्षमता असलेले मूल ओळखता येते. दोन्ही गटांच्या शंभर-शंभर कुंडल्या सरमिसळ केल्या आणि प्रत्येक ज्योतिषाला चाळीस दिल्या. मूल कोणत्या गटातले, हा इथला स्वतंत्र चल. ज्योतिषाने दिलेले उत्तर हा अवलंबी चल. मुलांची ओळख झाकून ठेवली होती. शाळेतल्या प्रयोगवहीत ‘स्थिर ठेवलेले घटक’ म्हणून आपण घाईघाईने एक ओळ खरडतो. खरी मेहनत याच ओळीत असते. नाव कळले असते तर उत्तर कुंडलीने दिले की चौकशीने, हे कोण सांगणार? नुसते नाणे उडवले तरी सरासरी वीस उत्तरे बरोबर येतात, म्हणून दावा मान्य होण्यासाठी किमान २८ ही अट आधीच ठरली होती. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. त्यांतला सर्वाधिक आकडा २४.