प्राथमिक शिक्षक संघटनांची रचना व कारभार (महाराष्ट्र)

महाराष्ट्रातील प्राथमिक शिक्षक संघटना या जिल्हा परिषदा, नगरपालिका व महानगरपालिका यांच्या शाळांमधील शिक्षकांच्या सेवाविषयक हितासाठी उभ्या राहिलेल्या संघटना होत. त्यांची रचना तालुका, जिल्हा आणि राज्य अशी चढती असून राज्य संघटनांपैकी काही अखिल भारतीय प्राथमिक शिक्षक संघ या राष्ट्रीय महासंघाशी व त्याच्यामार्फत आंतरराष्ट्रीय संघटनेशी जोडलेल्या आहेत. प्रस्तुत लेखात या रचनेचे वर्णन मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्याच्या आधाराने केले आहे.

== पार्श्वभूमी ==

रत्नागिरी तालुक्यातील मालगुंड हे कवी केशवसुत (कृष्णाजी केशव दामले, १८६६–१९०५) यांचे जन्मगाव. त्यांचे वडील शिक्षक होते आणि स्वतः केशवसुतांनीही मुंबई, फैजपूर, धारवाड अशा ठिकाणी अध्यापनावरच उपजीविका केली. त्या पिढीतील शिक्षकाची बदली, बढती वा वेतन हे सर्वस्वी वरिष्ठांच्या मर्जीवर असे आणि गाऱ्हाणे मांडावयाचे तर एकट्याने अर्ज करण्यापलीकडे मार्ग नसे. मालगुंड येथील केशवसुतांचे जन्मघर आज स्मारक म्हणून जतन केलेले आहे. तेथे येणारा अभ्यासक कवीला पाहतो. कवीच्या घरातील तुटपुंज्या पगाराचा शिक्षक सहसा नजरेआड राहतो.

स्वातंत्र्यकाळात मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियम, १९४७ नुसार प्राथमिक शाळा जिल्हा शाळा मंडळांकडे होत्या. महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ अन्वये १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण प्राथमिक शिक्षक त्यांचे कर्मचारी झाले. आजच्या संघटनांचा आकृतिबंध या घटनेने ठरविला. महाराष्ट्र राज्य प्राथमिक शिक्षक समिती ही प्रमुख संघटना १९६२ मधीलच. तिच्या स्थापनेशी भा. वा. शिंपी यांचे नाव निगडित आहे. दुसरी प्रमुख संघटना, महाराष्ट्र राज्य प्राथमिक शिक्षक संघ, पुढे नेतृत्वाच्या वादातून दुभंगली. 'संघ' आणि 'समिती' हे दोन शब्द शिक्षकांच्या बोलण्यात एवढे रूढ आहेत की पूर्ण नाव उच्चारण्याची गरज सहसा पडत नाही.

== स्तरनिहाय रचना ==

मालगुंडसारख्या गावातील जिल्हा परिषद शाळेचा शिक्षक हा त्या गावाचा किंवा त्या शाळेचा नोकर नसतो. त्याचा नियोक्ता रत्नागिरी जिल्हा परिषद असते. नेमणूक, बदली, शिस्तभंगाची कारवाई, वरिष्ठ वेतनश्रेणीचा प्रस्ताव ही सर्व कामे जिल्ह्यातच होतात. त्यामुळे संघटनेतही जिल्हा शाखा हाच सर्वांत बळकट घटक असतो. रचनेतील प्रत्येक पायरीसमोर प्रशासनाची एक पायरी उभी असते: तालुका शाखेसमोर पंचायत समितीचा गटशिक्षणाधिकारी, जिल्हा शाखेसमोर शिक्षणाधिकारी (प्राथमिक) व मुख्य कार्यकारी अधिकारी, राज्य शाखेसमोर मंत्रालय. मंत्रालयातही दोन दारे ठोठवावी लागतात. अभ्यासक्रम व शैक्षणिक धोरण शालेय शिक्षण विभागाकडे, तर जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्यांसारखे प्रश्न ग्रामविकास विभागाकडे असतात. निवेदन एकाला दिले आणि निर्णय दुसऱ्याकडे अडला, हा अनुभव जुना आहे.

रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण, गुहागर, संगमेश्वर, रत्नागिरी, लांजा व राजापूर हे नऊ तालुके आहेत. तालुका शाखेची सर्वसाधारण सभा अध्यक्ष, सरचिटणीस, कोषाध्यक्ष व इतर पदाधिकारी निवडते. तालुक्यांचे पदाधिकारी व प्रतिनिधी मिळून जिल्हा कार्यकारिणी आणि जिल्ह्यांचे प्रतिनिधी मिळून राज्य कार्यकारिणी बनते. म्हणजे सामान्य सभासदाचे थेट मत तालुक्यापुरते. त्यापुढे तो प्रतिनिधींमार्फतच बोलतो. महिला शिक्षकांसाठी बहुधा स्वतंत्र 'महिला आघाडी' असते. तिच्यामुळे स्त्रियांना व्यासपीठ मिळाले हे खरे, मात्र अध्यक्ष व सरचिटणीस ही मुख्य पदे दीर्घकाळ पुरुषांकडेच राहिली, हेही तितकेच खरे.

'शिक्षकनेते' हे पद इतर कामगार संघटनांत क्वचितच आढळते. अध्यक्ष व सरचिटणीस घटनेप्रमाणे कामकाज चालवितात, तर शिक्षकनेते हे ज्येष्ठ मार्गदर्शकाचे स्थान असते. प्रत्यक्षात वाटाघाटींची सूत्रे अनेकदा याच व्यक्तीकडे असतात. सभेला उत्तरदायी पदाधिकारी एक आणि निर्णय घेणारा दुसरा, अशी स्थिती त्यातून उद्भवू शकते. संघटनांतील फुटींचा विचार करताना हा मुद्दा दुर्लक्षून चालत नाही.

== अधिवेशन, वर्गणी आणि पतपेढी ==

संघटनेचा सर्वांत ठळक प्रसंग म्हणजे राज्य अधिवेशन. त्यात ठराव संमत होतात, नव्या कार्यकारिणीची घोषणा होते आणि मंत्र्यांसमोर मागण्या मांडल्या जातात. शासन अधिवेशनासाठी विशेष नैमित्तिक रजा मंजूर करीत आले आहे. त्या दिवसांत शाळा ओस पडतात, ही टीका पालकांकडून नेहमी होते व ती अगदीच अनाठायी नाही.

वर्गणी पावती फाडून गोळा केली जाते आणि तिची ठरलेली वाटणी वरच्या शाखांना जाते. मात्र संघटनांचे खरे बलाबल वर्गणीपेक्षा पतपेढीच्या निवडणुकीत दिसते. रत्नागिरी जिल्हा प्राथमिक शिक्षक सहकारी पतपेढीसारख्या संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली स्वतंत्रपणे नोंदलेल्या असतात. कायद्याने त्यांचा संघटनेशी संबंध नसतो. तरीही संचालक मंडळाची निवडणूक संघटनांच्या पॅनेलांमध्येच लढविली जाते. घरबांधणी, मुलांचे शिक्षण, आजारपण यांसाठी पतपेढीचे कर्ज हाच शिक्षकाचा जवळचा आधार असल्याने येथे मत देताना सभासद घोषणा पाहत नाही, व्याजाचा दर आणि लाभांश पाहतो. ही निवडणूक सहकार कायद्याच्या देखरेखीखाली गुप्त मतदानाने होते. संघटनेतील बऱ्याच निवडी 'सर्वानुमते' होत असताना पतपेढीचे मतदान हाच अनेकदा जनमताचा प्रामाणिक कौल ठरतो.

== राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय दुवे ==

अखिल भारतीय प्राथमिक शिक्षक संघ १९५४ मध्ये स्थापन झाला असून त्याचे मुख्यालय दिल्लीत आहे. हा महासंघ आहे. शिक्षक व्यक्तिशः त्याचा सभासद होत नाही, राज्य संघटना होतात. इंग्लंडमधील नॅशनल एज्युकेशन युनियनमध्ये (स्थापना २०१७) याउलट शिक्षक थेट राष्ट्रीय संघटनेत प्रवेश घेतो आणि तेथील कायद्यानुसार सरचिटणीसाची निवड किमान पाच वर्षांतून एकदा टपाली मतदानाने सर्व सभासदांकडून करावी लागते. मालगुंडच्या शिक्षकाने दिल्लीतील अध्यक्षाला मत देण्याची सोय भारतीय रचनेत नाही.

शिक्षण हा विषय ४२ व्या घटनादुरुस्तीने (१९७६) समवर्ती सूचीत आल्यावर राष्ट्रीय महासंघाचे महत्त्व वाढले. वेतन व बदल्या राज्यांकडे राहिल्या, पण पात्रतेचे निकष केंद्राकडे गेले. शिक्षणहक्क कायदा, २००९ मधील शिक्षक पात्रता परीक्षेची अट हे त्याचे उदाहरण. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी, सेवानिवृत्तीस पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या कार्यरत शिक्षकांनाही दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक ठरविले. असा प्रश्न जिल्हा शाखेच्या आवाक्यातील नसतो.

महासंघ 'एज्युकेशन इंटरनॅशनल' या १९९३ मध्ये स्थापन झालेल्या व ब्रुसेल्स येथे मुख्यालय असलेल्या जागतिक संघटनेशी संलग्न आहे.

== कायदेशीर स्थान ==

भारतातील शिक्षक संघटनांचे कायदेशीर स्थान विचित्र आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९७८ च्या बंगलोर पाणीपुरवठा निकालाने शिक्षणसंस्था 'उद्योग' ठरल्या. पण गोव्यातील एका शिक्षिकेच्या बडतर्फीवरून उद्भवलेल्या सुंदरांबळ खटल्यात (१९८८) त्याच न्यायालयाने शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने 'कामगार' नव्हे, असा निर्णय दिला. शिक्षणसंस्था उद्योग, पण शिकविणारा कामगार नाही, असा हा पेच. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांना १९७७ च्या सेवाशर्ती अधिनियमाने शाळा न्यायाधिकरण मिळाले. जिल्हा परिषद शिक्षकांना विभागीय अपील व न्यायालय हेच मार्ग आहेत. रंगराजन खटल्याच्या निकालानुसार (२००३) शासकीय कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत, कायदेशीर वा नैतिक अधिकार नाही. तरीही संप झाले: १९७७-७८ चा ५४ दिवसांचा राज्यव्यापी संप आणि जुन्या निवृत्तिवेतनासाठीचा मार्च २०२३ मधील संप ही ठळक उदाहरणे. १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्यांना जुने निवृत्तिवेतन नाकारले गेल्याने संघटनांत पिढीगत दरी पडली. एकाच शाळेतील दोन शिक्षकांचे म्हातारपण केवळ रुजू दिनांकावरून वेगळे झाले, आणि जुन्या संघटनांनी हा प्रश्न वेळीच लावून धरला नाही या भावनेतून तरुणांनी स्वतंत्र आघाड्या उभ्या केल्या.

विधान परिषदेतील सात शिक्षक मतदारसंघांत (कोकण त्यांपैकी एक) प्राथमिक शिक्षकाला मत नाही. संविधानाच्या अनुच्छेद १७१ प्रमाणे माध्यमिक स्तराहून खालच्या नसलेल्या संस्थांतील शिक्षकच मतदार होतात. संख्येने मोठा असलेला वर्ग सभागृहात आपला प्रतिनिधी पाठवू शकत नाही, म्हणून तो मोर्चे आणि मंत्र्यांच्या भेटी यांवर अधिक विसंबतो.

== बदल्यांचे धोरण व संघटनांचा प्रभाव ==

२७ फेब्रुवारी २०१७ च्या शासन निर्णयाने जिल्हांतर्गत बदल्या ऑनलाइन झाल्या. शाळांची 'सर्वसाधारण' व 'अवघड' क्षेत्रांत विभागणी झाली. अवघड क्षेत्रात ठरावीक सेवा केलेल्यांना बदलीचा अधिकार मिळाला आणि गंभीर आजारी शिक्षक, पती-पत्नी एकत्रीकरण यांना प्राधान्य मिळाले. खाडी, घाट व विखुरलेल्या वाड्यांच्या रत्नागिरीत कोणती शाळा अवघड मानावी, हा वादाचा विषय ठरला. पूर्वी बदलीच्या दिवसांत पदाधिकाऱ्यांभोवती जी गर्दी होई, ती या पद्धतीने ओसरली. परजिल्ह्यांतून आलेले शिक्षक आंतरजिल्हा बदलीने स्वगृही परतल्यावर रिक्त होणाऱ्या जागांचा प्रश्न मात्र संगणकाने सुटलेला नाही. येथे संघटनेचे सभासदच दोन बाजूंना उभे असतात: एकाला गावी जायचे असते, दुसऱ्याला मागे उरलेले वर्ग एकट्याने सांभाळायचे असतात.