तवंगाचे अठ्ठेचाळीस तास

शनिवार, 7 ऑगस्ट 2010, सकाळी 9.50
न्हावाशेव्याहून बाहेर निघालेलं ‘एमएससी चित्रा’ आणि बंदरात शिरणारं ‘खलिजिया-3’ ही जहाजं मुंबई बंदराच्या तोंडाशी एकमेकांवर आदळली. चित्रावर 1,219 कंटेनर होते, त्यांतल्या 31 कंटेनरांत कीटकनाशकांसारखी घातक रसायनं. शिवाय टाक्यांत 2,662 टन इंधन तेल. जहाज कललं, कंटेनर पाण्यात घसरू लागले, 33 जणांना सुखरूप उतरवलं गेलं. दूरदर्शनच्या पडद्यावर दोन दिवस कंटेनरच दिसत राहिले. तेलाकडे लक्ष जायला वेळ लागला.

त्या सकाळी आषाढ वद्य द्वादशी होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा कोळीवाड्यातला जुना हिशेब. बाराची पाऊणपट नऊ. म्हणजे टक्कर झाली तेव्हा भरती भरून पाणी उतरू लागलं होतं. शिवडी किल्ल्यासमोरची चिखलवट आणि तिथली तिवरं याच बंदराच्या आत, भरतीच्या वाटेवर आहेत. तेल आत यायला पुढची भरती लागणार होती. मधले सहा तास हातात होते.

सकाळी 11
एक घनमीटर तेल एक मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचं पसरलं, तर एक चौरस किलोमीटर पाणी झाकून टाकतं. वरून पाहणारे जाडी रंगावरून ओळखतात. चंदेरी झाक म्हणजे 0.3 मायक्रॉनपेक्षा पातळ, इंद्रधनुष्याचे रंग म्हणजे 0.3 ते 5, धातूसारखी चकाकी 5 ते 50. जहाजाचं जड तेल असं एकसारखं पसरत नाही. मध्ये काळी जाड ठिगळं आणि कडेला झिरझिरीत पापुद्रा, असं त्याचं रूप असतं. विमानातून डोळ्यांत भरतो तो रंगीत पापुद्रा. बहुतेक तेल काळ्या ठिगळांत असतं.

दुपारी 3
कोळ्यांच्या हिशेबाने ओहोटी संपून पाणी फिरण्याची वेळ. चिखल उघडा पडलेला आणि त्यातून तिवरांची श्वासमुळं बोटबोटभर वर आलेली. चिखलात प्राणवायू नसतो म्हणून हे झाड मुळं वर काढून सालीवरच्या बारीक छिद्रांतून श्वास घेतं. ती छिद्रं बुजली की झाड गुदमरतं.

पण तेल टेकलं की मूळ लगेच माखतं, असं नाही. ओल्या ताटावर तेलाचा थेंब सोडून पाहा, तो सरकत राहतो. कोरड्या ताटाला धरून बसतो. ओल्या मुळावर पाण्याचा अतिशय पातळ पडदा असतो आणि तेल त्या पडद्यावर असतं. तिवराचा जीव त्या पडद्यावर अवलंबून.

हा पडदा फुटतो कसा, ते समजायला प्रयोगशाळेत जावं लागतं. 1992 साली भौतिकशास्त्रज्ञ गुंटर रायटर यांनी सिलिकॉनच्या चकतीवर पॉलिस्टायरिन या प्लास्टिकचा थर दिला, मायक्रॉनच्या दहाव्या हिश्शाहूनही पातळ. गार असताना तो काचेसारखा गप्प राहिला. साधारण 100 अंश सेल्सिअसच्या वर तापवून मऊ होताच त्यात आपोआप भोकं पडू लागली. भोकं वाढली, त्यांच्या कडेला जमलेले वरंबे एकमेकांना भिडले, जाळी झाली आणि शेवटी जाळी तुटून थेंबांच्या रांगा उरल्या. इतक्या पातळ थरात रेणूंमधली ओढ पृष्ठताणावर मात करते. जाडीतला नखभरही नसलेला फरक वाढत जातो आणि थर फाटतो. आयआयटी कानपूरचे आशुतोष शर्मा यांनी या अस्थिरतेचं गणित मांडलं. पुढे रायटर यांच्यासोबतही काम केलं.

मुळावरचा पाण्याचा पडदाही याच नियमाने जातो. आधी पातळ होतो, मग त्याला भोक पडतं आणि तिथून तेल सालीला भिडतं. जड तेलातले डांबरासारखे मोठे रेणू सालीला एकदा चिकटले की पुढची भरती ते धुऊन नेत नाही.

रात्री 9.30
पूर्ण भरती. तवंग पाण्याबरोबर वर चढतो आणि फांद्यांपर्यंत पोहोचतो. या वेळी सगळं ओलं असतं, पडदा शाबूत असतो. घात होतो तो उतरत्या पाण्यात. पाणी निथळून जातं, तेल मुळांवर मागे राहतं आणि पडदा विरत जातो.

रविवार, 8 ऑगस्ट
लाटांनी घुसळलेलं तेल पाणी पिऊन तपकिरी लगदा होतं आणि मूळच्या तिप्पट-चौपट फुगतं. ‘ऑपरेशन चित्रा’त तटरक्षक दलाने तवंगावर रसायन फवारलं. त्याने तेलाचे बारीक थेंब होऊन ते पाण्यात मिसळतात, नाहीसे होत नाहीत. खुल्या समुद्रात ते चालतं. तिवरांच्या उथळ पाण्यात मला ते मान्य नाही.

सोमवार, 9 ऑगस्ट
गळती थांबली. अंदाजे 800 टन तेल सांडलं होतं. घारापुरी, उरण, अलिबागचे किनारे माखले. आणि अमावास्येची उधाणाची भरती लागली होती, म्हणजे एरवी कोरडी राहणारी मुळंही पाण्याच्या टप्प्यात आली होती.

शिवडीला रोहित पक्षी हिवाळ्यात येतात, ऑगस्टात नसतात. तेवढे ते वाचले. पुढची टक्कर जानेवारीत झाली तर? तवंग अडवणारे तरंगते अडसर शिवडीच्या जेट्टीवर ठेवा आणि ते सहा तासांत पाण्यात उतरवण्याचा सराव इथल्या कोळ्यांना सोबत घेऊन दरवर्षी करा. भरतीची वेळ त्यांना पंचांग न उघडता सांगता येते.