तीन विद्यापीठे आणि खान्देशचा पदवीधर

खान्देशातील माजी विद्यार्थी संघांचा विचार करू जाता एक अडचण प्रथम ध्यानी येते. जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय व अमळनेरचे प्रताप महाविद्यालय १९४४-४५ च्या सुमारास सुरू झाले. दोन्ही नावे कापडधंद्यातील, हे खान्देशास शोभणारेच! त्या वेळी पदवी मुंबई विद्यापीठाची मिळे. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाल्यावर ती पुण्याची झाली. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावास उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आले व २०१८ मध्ये त्यास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव लाभले.

परिणामी पाचोऱ्यातील एकाच घरात आजोबा, पुत्र व नातू तीन निरनिराळ्या विद्यापीठांचे पदवीधर असू शकतात. चार दशकांच्या पुण्याच्या पदवीधरांचे खरे नाते उरते ते आपल्या महाविद्यालयाशी. गरजू विद्यार्थ्याचे शुल्क, ग्रंथालयास ग्रंथ, नव्या पदवीधरास नोकरीची वाट, वृद्ध गुरुजनांची विचारपूस, ही कामे तेथील संघच करू शकतो. नॅकच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागास स्थान आहे. परंतु समिती येण्याच्या सुमारासच त्यांचे स्मरण व्हावे, हे खटकते. १९९० पूर्वीचे पदवीधर आज वयाची पंचावन्न वर्षे ओलांडून गेले आहेत. महाविद्यालयांच्या जुन्या नोंदवह्यांतून त्यांची नावे उतरवून घेण्याचे काम आधी हाती घ्यावयास हवे.