भागीचं घोडं

फ्रान्सच्या पश्चिम भागात, नोझे गावाजवळ, ग्राँ-जुआँ नावाची एक शेतकी शाळा होती. 1882 ते 1887 या वर्षांत तिथे माक्स रिंगेलमान नावाचा विशी-पंचविशीतला एक तरुण ताकद मोजत होता. बैलाची, घोड्याची, यंत्राची आणि माणसाची. शेतात ओढायला कोणाला जुंपणं परवडतं, हा त्याचा साधा सरळ प्रश्न. माणसांसाठी त्याने शाळेतलेच विद्यार्थी घेतले. आडवी दोरी, दोरीच्या एका टोकाला जोर मोजणारं यंत्र आणि दुसऱ्या टोकाला पोरं. आधी एकेकट्याने ओढायचं, मग सात-सात जणांनी, मग चौदा जणांनी.

एकेकटा विद्यार्थी सरासरी 85.3 किलोचा जोर लावत होता. सात जण एका दोरीला लागले की माणशी 65 किलो. चौदा जण लागले की 61.4.

ग्रुप प्रोजेक्टमध्ये गटातली पोरं काम करत नाहीत, या तक्रारीची मला माहीत असलेली सगळ्यात जुनी आकडेवारी ही. तीही विद्यार्थ्यांचीच. मला ती सापडली इंजिनिअरिंग संपल्यावर चार वर्षांनी, आणि सापडली तेव्हा मी ती ज्या हेतूने शोधत होते तो फारसा चांगला नव्हता. मला माझ्या बाजूने पुरावा हवा होता.

बीईच्या शेवटच्या वर्षाला आमचा चौघांचा गट होता. मी गटप्रमुख. जिल्ह्याच्या बाजार समितीत रोज येणाऱ्या मालाचे भाव साठवायचे, शेतकऱ्याला मोबाइलवर दाखवायचे, असं काहीतरी आम्ही करणार होतो. ‘आम्ही’ हा शब्द पहिल्या सत्रापर्यंत टिकला. दुसऱ्या सत्रात कोड माझ्या लॅपटॉपवर, रिपोर्ट माझ्या लॅपटॉपवर, गाईडसरांचे फोन मला. लॉगबुक नावाची एक वही असते, तिच्यात दर आठवड्याला झालेलं काम लिहून सही घ्यायची असते. ती आम्ही एका दुपारी कॅन्टीनमध्ये बसून पूर्ण भरली, शाई वेगवेगळी दिसावी म्हणून तीन पेनं वापरून. त्या दिवशी मात्र चौघंही वेळेवर हजर होते. शेवटी काळ्या पुठ्ठ्याच्या ब्लॅक बुकवर सोनेरी अक्षरांत चार नावं छापून आली, सारख्याच आकारात. मार्कही जवळपास सारखेच पडले. पुढे कित्येक महिने मी ही गोष्ट भेटेल त्याला सांगत होते. आजीला सांगितली तेव्हा ती म्हणाली, “भागीचं घोडं किवणानं मेलं.” मला वाटलं, ती माझी बाजू घेतेय.

पण रिंगेलमानकडे परत जाऊ. पुढे तो पॅरिसच्या राष्ट्रीय कृषी संस्थेत प्राध्यापक झाला, शेतीच्या यंत्रांची चाचणी घेणारं केंद्र त्याने चालवलं, आणि विद्यार्थ्यांच्या दोरीचे ते आकडे छापले थेट 1913 मध्ये, संस्थेच्या वार्षिकात. त्या निबंधात आणखी एक कोष्टक आहे. एका माणसाचं काम 1 धरलं तर गट वाढत जाईल तसं माणशी काम किती उरतं: दोघांत 0.93, तिघांत 0.85, चौघांत 0.77, पुढे 0.70, 0.63, सात जणांत 0.56 आणि आठ जणांत 0.49. आता जरा गुणाकार करा. सात गुणिले 0.56 म्हणजे 3.92. आठ गुणिले 0.49 म्हणजे पुन्हा 3.92. आठवा माणूस आला, दोरीला लागला, घामाघूम झाला, आणि दोरीला त्याचा पत्ताच नाही. आमच्या धंद्यात फ्रेड ब्रुक्सने 1975 मध्ये लिहून ठेवलंय की रखडलेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पावर आणखी माणसं लावली की तो आणखी रखडतो. आयबीएममधला अनुभव त्याच्या गाठीशी होता. रिंगेलमानकडे नुसती दोरी होती.

हे आकडे वाचून मी खूश झाले होते हे कबूल करते. अडचण पुढच्या परिच्छेदांत होती. तूट का येते याचं कारण रिंगेलमानने दिलंय, आणि त्याच्या लेखी मुख्य कारण आळस नाहीच. त्याचं म्हणणं, सगळे एकाच क्षणी जोर लावत नाहीत. एकाचा जोर संपत आलेला असतो तेव्हा दुसऱ्याचा सुरू होतो. एक किंचित डावीकडे ओढतो, एक किंचित उजवीकडे. जोर असतो, पण तो जुळत नाही. जड कपाट हलवणारे हमाल ‘हैश्शा’ म्हणून ओरडतात ते हौस म्हणून नव्हे. ती आरोळी म्हणजेच या तुटीवरचा इलाज आहे.

आळसाचा उल्लेख त्याने केलाय, पण ओझरता. एका तुरुंगात कैदी पिठाच्या गिरणीचा दांडा फिरवत असत. तिथलं काम यथातथाच व्हायचं, कारण थोड्याच वेळात प्रत्येक जण शेजाऱ्याच्या भरवशावर राहून दांड्यावर नुसता हात ठेवायचा, आणि कधीकधी तर दांडाच त्याला फिरवायचा. हे वर्णन वाचताना मला आमच्या गटातला एक जण डोळ्यांसमोर आला आणि हसूही आलं. हसू ओसरल्यावर लक्षात आलं की हा कैदी आहे. ते पीठ त्याच्या घरी जाणार नव्हतं. त्याने जीव तोडून दांडा का फिरवावा, हे रिंगेलमानने विचारलं नाही. मीही कधी विचारलं नव्हतं.

बाजारभावाचा विषय चौघांनी मिळून निवडला होता का? नाही. माझ्या काकांचा कांद्याचा व्यापार आहे, म्हणून तो मला सुचला होता, आणि फॉर्म भरायच्या दिवशी बाकी तिघांनी मान हलवली होती. ‘प्रोजेक्ट मेथड’ हा शब्द शिक्षणात रुळवला तो विल्यम किलपॅट्रिकने. न्यूयॉर्कच्या टीचर्स कॉलेजमधला हा प्राध्यापक जॉन ड्युईच्या विचारांचा. त्याचा त्या नावाचा लेख 1918 चा. त्यातली मूळ अट अशी की हेतू मुलाचा स्वतःचा हवा आणि त्यात त्याचं मन पूर्ण असायला हवं. शंभर वर्षांत ही पद्धत आमच्या अभ्यासक्रमापर्यंत पोहोचली तेव्हा तिच्यातून नेमकी तेवढीच अट गळाली होती. गट, गाईड, लॉगबुक, ब्लॅक बुक हे सगळं व्यवस्थित पोहोचलं.

रिंगेलमानच्या निबंधाचं पुढे जे झालं ते गमतीदार आहे. बर्लिनमध्ये उद्योगांसाठी मानसशास्त्र शिकवणाऱ्या वाल्टर मोएडेने 1927 मध्ये या दोरीची थोडक्यात हकीकत दिली. पुढची पन्नासेक वर्षं मानसशास्त्राची पुस्तकं मोएडेचाच हवाला देत राहिली. मूळ फ्रेंच निबंध शोधून त्यात काय आहे हे क्रॅविट्झ आणि मार्टिन या दोन अमेरिकन संशोधकांनी सांगितलं ते 1986 मध्ये. तोवर रिंगेलमानचं नाव आळसाशी पक्कं जोडलं गेलं होतं.

मधल्या काळात लोकांनी दोरी पुन्हा ओढून पाहिली होती. 1974 मध्ये इंगहॅम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक युक्ती केली. माणसाच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची, त्याला दोरीवर सगळ्यांत पुढे उभं करायचं आणि तुझ्यामागे इतके जण आहेत असं सांगायचं. मागचे नुसते ओढण्याचं नाटक करत. म्हणजे जोर न जुळण्याचा प्रश्नच नाही, ओढणारा एकटाच. तरीही, मागे लोक आहेत एवढ्या समजुतीनेच त्याचा जोर कमी झाला. तिघांच्या गटापर्यंत तो घसरत गेला, पुढे मात्र फारसा घसरला नाही.

मग 1979 मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठात लाताने, विल्यम्स आणि हार्किन्स यांनी विद्यार्थ्यांना आरडाओरडा करायला लावला. दोरीऐवजी घसा. डोळ्यांवर पट्टी, कानांवर हेडफोन, आणि जमेल तितक्या मोठ्याने ओरडायचं. सहा जण खरोखर एकत्र ओरडले तेव्हा माणशी आवाज एकट्याच्या तुलनेत 36 टक्के निघाला. आणि ओरडणारा एकटाच असून, सोबत आणखी पाच जण ओरडताहेत अशी त्याची नुसती समजूत करून दिली तेव्हा 74 टक्के. या प्रकाराला त्यांनी जे इंग्रजी नाव दिलं ते जगभर गाजलं. आपल्याकडे त्यासाठी कितीतरी आधीपासून शब्द आहे: अंगचोरपणा.

हे दोन आकडे मी बराच वेळ कागदावर लिहून बघत बसले होते. सहा जणांच्या गटात 64 ची तूट. त्यातली 26 अंगचोरपणाची. उरलेली 38 आवाज एकमेकांत न जुळल्याची. अंगचोरपणा सिद्ध करणाऱ्या प्रयोगातच निम्म्याहून जास्त तूट न जुळण्याची निघाली होती! ग्राँ-जुआँच्या त्या शेतकी इंजिनिअरचं म्हणणं शंभर वर्षांनंतरही बऱ्यापैकी उभं होतं.

दोन वर्षांनी त्याच तिघांनी आणखी एक प्रयोग केला. ओरडणाऱ्यांना सांगितलं की प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय, गटात ओरडलात तरी. अंगचोरपणा गेला. पगार वाढवला नव्हता, भाषण दिलं नव्हतं, कोणाला दम भरला नव्हता. फक्त, तुझा आवाज आम्हाला वेगळा ऐकू येतो, एवढंच.

प्रोजेक्ट करणाऱ्यांना माझ्या मते सगळ्यात उपयोगाचा प्रयोग मात्र याहून जुना आहे आणि त्याचं नाव कमी लोकांना माहीत असतं. 1926 मध्ये ओटो क्योलर याने बर्लिनच्या एका रोइंग क्लबातल्या गड्यांना वजन उचलायला लावलं. एकट्याने 41 किलोचा दांडा हातांनी वर-खाली करायचा, थकून हात टेकेपर्यंत. मग दोघांनी मिळून 82 किलोचा. दोघांतल्या एकाने सोडलं की संपलं, कारण दुसऱ्याला एकट्याला तो पेलणारच नाही. अपेक्षा अशी की जोडी तिच्यातल्या कच्च्या गड्याइतकीच टिकेल. ती त्याहून जास्त टिकली. कच्चा गडी एकटा असताना जितका टिकायचा त्याच्यापुढे गेला. दोघांच्या ताकदीत फरक मध्यम असेल तर हे जास्त दिसायचं. फरक अगदीच थोडा किंवा फारच मोठा असेल तर तितकं नाही.

दोरीत आणि या दांड्यात फरक कुठे आहे ते उघड आहे. दोरी सोडली तर कोणाला कळत नाही आणि कोणाचं अडत नाही. दांडा सोडला की सगळं खाली. 1983 मध्ये नॉर्बर्ट कर आणि स्टीव्हन ब्रून यांनी प्रयोगांतून हेच दाखवलं, की आपल्या कष्टांवाचून गटाचं अडणार नाही असं दिसलं की माणूस हात आखडता घेतो. त्याच वर्षी करने उलट बाजूही दाखवली: जोडीदाराला जमत असूनही तो करत नाही असं वाटलं की कष्टाळू माणूसही काम सोडतो, आपला मामा होऊ नये म्हणून.

इथे मला आमच्या गटाबद्दलची एक गोष्ट सांगायला हवी. इतकी वर्षं ती मी माझ्या कहाणीतून गाळत आले.

दांड्यावर नुसता हात ठेवणारा म्हणून वर ज्याचा उल्लेख केला, त्याने पहिल्या सत्रात लॉगिनचं पान लिहून आणलं होतं. स्वतःहून, पेन ड्राइव्हवर. मी ते उघडून पाहिलं, मला त्याची धाटणी आवडली नाही, आणि रात्री बसून मी ते पूर्ण नव्याने लिहिलं. त्याला सांगितलं नाही. त्याला ते डेमोच्या दिवशी, सगळ्यांसमोर, पडद्यावर दिसलं. तो काहीच बोलला नाही. पुढच्या आठवड्यात मी त्याला दुसरं एक काम दिलं तेव्हा म्हणाला, “तूच कर ना. नाहीतरी माझं तुला पटणार नाही.” मी ते उत्तर कामचुकारपणाच्या खात्यात टाकलं आणि सगळ्यांना तसंच सांगितलं.

आम्ही कोड साठवायला गिट वापरत होतो. 2005 मध्ये लिनस टोर्वाल्ड्सने लिनक्ससाठी बनवलेली ही व्यवस्था कुठली ओळ कोणी लिहिली हे दाखवते. त्या आज्ञेचं नावच ‘ब्लेम’, म्हणजे दोष देणं. ओहायोच्या प्रयोगात प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजायचे, तीच सोय. आमच्या प्रोजेक्टवर ती आज्ञा चालवली तर प्रत्येक ओळीपुढे माझंच नाव येतं. व्हायवाच्या दिवशी मी हे मोठ्या अभिमानाने मनात घोळवत होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्याला विचारलं, “तुम्ही यात काय केलंत?” तो माझ्याकडे बघून म्हणाला, “टेस्टिंग.” मीही मान हलवली.

मागच्या दिवाळीत घरी गेले तेव्हा कपाटातली जुनी हार्ड डिस्क काढली. त्याने दिलेली फाइल मी पुसली नव्हती, ‘जुनं’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकली होती. आजी शेजारी करंज्यांचं सारण परतत होती. मी ती फाइल चालवून पाहिली. चालली. पासवर्ड रिकामा ठेवला तरी आत सोडत होती, एवढी एक चूक. एक ओळ घातली की सुटते.

“ते घोडं,” मी आजीला विचारलं, “त्याला किवण झालंय हे भागीदारांपैकी कोणाला तरी आधी दिसलं असेलच ना?”

“दिसतं की,” ती म्हणाली. “ज्याच्या दावणीला असतं त्याला.”