बांधकामावरील मुलांची शाळा : निधी आहे, सातत्य हवे

हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान उद्यानाला लागून असलेल्या, मुळशी तालुक्यातील मारुंजीत गेल्या दोन दशकांत शेतांच्या जागी बहुमजली गृहसंकुले उभी राहिली. ती बांधणारी मजूर कुटुंबे मराठवाडा, विदर्भ, कर्नाटक, बिहार, छत्तीसगड आदी भागांतून येतात, बांधकामालगतच्या पत्र्याच्या खोल्यांत राहतात आणि काम संपले की पुढच्या ठिकाणी निघून जातात. इमारत पूर्ण होते. मजुरांच्या मुलांची इयत्ता मात्र अपुरीच राहते.

कायद्याचा आधार

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वयोगटातील प्रत्येक मुलाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार दिला. जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शाळाबाह्य मुलाला वयानुरूप वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण देण्याची तरतूदही त्यात आहे. तरीही आईवडील सकाळीच कामावर गेल्यावर डंपर-मिक्सरच्या वर्दळीतून मुलाला शाळेपर्यंत न्यायचे कोणी, धाकट्या भावंडाला सांभाळायचे कोणी, हे प्रश्न उरतात. प्राथमिक शिक्षणाचा खरा खर्च अनेकदा या दोन प्रश्नांत दडलेला असतो.

निधीचे मार्ग

पहिला मार्ग बांधकाम उपकराचा. १९९६ च्या कायद्यानुसार बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर आकारला जाऊ लागला; २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही उपकराची तरतूद कायम ठेवण्यात आली. या निधीतून राज्याचे बांधकाम कामगार कल्याण मंडळ नोंदणीकृत कामगारांच्या पाल्यांसाठी शैक्षणिक साहाय्याची योजना राबविते. पहिली ते सातवीसाठी वर्षाला २,५०० रुपये आणि आठवी ते दहावीसाठी ५,००० रुपये अशी तिची रचना आहे. मात्र त्यासाठी शाळेतील किमान ७५ टक्के उपस्थिती आवश्यक असते, आणि कामगाराच्या नोंदणीसाठी वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. दर काही महिन्यांनी ठेकेदार आणि गाव बदलणाऱ्या कुटुंबाला नेमक्या याच अटी जड जातात.

दुसरा मार्ग उद्योगांच्या सामाजिक उत्तरदायित्वाचा. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ नुसार ठरावीक आर्थिक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. कार्यक्षेत्राच्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही कायदा सांगतो. हिंजवडी, पिंपरी-चिंचवड आणि चाकण या पट्ट्यातील उद्योगांची संख्या पाहता ही तरतूद मारुंजीसारख्या गावांसाठी महत्त्वाची ठरते. २०२१ च्या सुधारित नियमांनी बहुवर्षीय प्रकल्पाला मुभा दिली. तो सुरू झालेल्या आर्थिक वर्षाव्यतिरिक्त कमाल तीन वर्षे चालू शकतो. म्हणजे देणगी वर्षागणिक तुटकच द्यावी, असे बंधन नाही.

तिसरा मार्ग लोकसहभागाचा, आणि महाराष्ट्राला तो नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे स्थापन केलेली रयत शिक्षण संस्था रयतेच्याच मदतीवर वाढली.

अनुभव काय सांगतो?

या क्षेत्रातील परिचित उदाहरण 'डोअर स्टेप स्कूल'चे. रजनी परांजपे आणि बीना लष्करी यांनी १९८८ मध्ये मुंबईत सुरू केलेले हे काम १९९३ मध्ये पुण्यात आले. बांधकामाच्या जागेवरच वर्ग भरविणे, मुलांना जवळच्या सरकारी शाळेत दाखल करणे आणि त्यांना तेथे नेण्या-आणण्याची सोय करणे, असे या कामाचे स्वरूप आहे. जेथे वर्गाला जागा नाही तेथे बसमध्येच वर्ग भरतो. अशा कामात मोठा खर्च इमारतीचा नसतो. शिक्षिकेचे मानधन, वाहनाचे भाडे आणि वस्तीत घरोघरी फिरणाऱ्या कार्यकर्तीचा मोबदला दरमहा द्यावा लागतो.

देणगीदारांचा ओढा मात्र बाके, संगणक किंवा रंगरंगोटीकडे असतो. कारण त्यावर नाव लिहिता येते. वाहनाचे भाडे जूनमध्ये मिळाले आणि डिसेंबरमध्ये थांबले, तर मुलांची शाळाही डिसेंबरमध्येच थांबते.

टिकाऊपणाच्या कसोट्या

मदत देणाऱ्या कंपनीने वा गृहसंकुलाने काही गोष्टी आधीच तपासणे हिताचे ठरते. आवर्ती खर्चाची किमान तीन वर्षांची हमी आहे का? वर्गाची जागा, पाणी व वीज बांधकाम व्यावसायिक देणार का? शाळा व्यवस्थापन समितीला विश्वासात घेतले आहे का? या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, असे कायदा सांगतो. कुटुंब दुसरीकडे गेल्यास मुलाचा दाखला आणि प्रगतीची नोंद नव्या शाळेत पोहोचविण्याची जबाबदारी कोणाची, हेही ठरलेले असावे. प्रकल्पाचे यश मात्र पटावरील नोंदीपेक्षा किती मुले साधा परिच्छेद वाचू लागली, यावरून मोजावे.

मुलांसोबत आयांचाही विचार व्हायला हवा. केंद्र सरकारने २०२२ ते २०२७ या काळासाठी १,०३७.९० कोटी रुपयांचा नवभारत साक्षरता कार्यक्रम आखला. १५ वर्षांवरील निरक्षरांसाठी असलेला हा कार्यक्रम स्वयंसेवकांच्या बळावर चालतो. बांधकामावरील वर्गाची जागा संध्याकाळी प्रौढांसाठी वापरल्यास त्याच खर्चात दुसरी पिढीही अक्षर गिरवू शकते. हजेरीपत्रकावरील दिवस आणि हातात पडलेली मजुरी स्वतः वाचता येणे, ही त्या कुटुंबाच्या दृष्टीने लहान गोष्ट नाही.